गाठ निघाली, आता कसे आहात?



कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आपण भेटायला जातो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाठ पूर्ण निघाली ना?" होकार मिळाला की आपण प्रार्थना करतो, चहा घेतो आणि निघतो. लवकरच त्या माणसाने उपासनेत उभे राहून साक्ष द्यावी, अशीही आपली अपेक्षा असते. कवटीच्या तळाच्या कॅन्सरचे ऑपरेशन दुर्बिणीने नाकातून झालेले असेल, तर ही घाई मला फारच खटकते.

कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो ते हाड. त्याचा पुढचा भाग म्हणजेच नाकाचे छप्पर. तिथल्या गाठीसाठी पूर्वी चेहरा आणि कवटी दोन्ही उघडावी लागत. आता गाठ सोयीच्या जागी असेल तर नाक-घशाचे आणि मेंदूचे सर्जन मिळून नाकपुड्यांतून काम करतात. मेंदूखाली पडलेले भोक नाकाच्या मधल्या पडद्याचे अस्तर, त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून, बुजवतात. ही रीत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळण्याचा धोका तिने पुष्कळ कमी केला. चेहऱ्यावर व्रण नाही, हॉस्पिटलातला मुक्कामही बहुधा कमी. ही कृपाच आहे.

पण व्रण नाही म्हणून आपल्याला काही दिसत नाही, एवढेच. पहिले काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. (तेव्हा प्रार्थनेत गुडघे टेकून डोके खाली न घालणाऱ्याला कोणी गर्विष्ठ म्हणू नये.) नाक चोंदते, आत खपल्या धरतात, रोज मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत उतरतो. रेडिएशन घ्यावे लागले तर लांबतो.

आणि वास. वासाच्या नसांपाशीच उगवणारा एक कॅन्सर आहे. त्यात दोन्ही बाजूंच्या नसा गाठीबरोबर काढाव्या लागल्या, तर वास परत येत नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळते, पण आमटी आणि कालवण यांतला फरक बराचसा नाकाच्या हाती असतो. नाताळच्या करंज्या तळताना सारे घर दरवळते आणि त्या घरातल्या एकालाच ते कळत नाही. त्याला आपण म्हणतो, "जीव वाचला ना, वासाचे काय घेऊन बसलात!" हेतू चांगला असेल, पण हे बोलणे निर्दय आहे. ऐकणारा पुन्हा तोंड उघडत नाही.

डॉक्टरांजवळ २२ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. मुळात ती सायनसच्या रुग्णांसाठी केलेली, पण या ऑपरेशनांनंतरही वापरतात. नाक चोंदण्यापासून झोप, थकवा, चिडचिड, उदासी, लाज वाटणे, असे सगळे त्यात विचारतात. शिवाय सर्वांत जाचणाऱ्या पाच गोष्टी रुग्णानेच निवडायच्या असतात. इतके तर आपण कधीच विचारत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात, बेथसैदाचा आंधळा भेटतो. येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि मग त्यालाच विचारले, काही दिसते का? त्यानेही खरे ते सांगितले : माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशूने त्याला कृतघ्न म्हटले नाही, पुन्हा हात ठेवले. आपल्या मंडळीत हेच उत्तर कोणी दिले असते, तर त्याचा विश्वास कमी पडला, अशी कुजबुज झाली असती.

म्हणून साक्षीचा आग्रह निदान वर्षभर नको. त्यांना स्वतःहून द्यायची असेल तर देतील. भेटीत विचारा, "आता काय जमत नाही?" आणि उत्तर आले की लगेच वचन सांगू नका, थोडे ऐका. पुढच्या एमआरआयची तारीख विचारून ठेवा. त्याआधीचे दिवस भीतीत जातात, तेव्हा फोन करा. वास गेलेली व्यक्ती एकटी राहत असेल तर स्वयंपाकघरात डोकावा. गॅस गळला किंवा दूध नासले तरी तिला कळणार नाही. गॅसची गळती ओळखून वाजणारे यंत्र बाजारात मिळते. पुष्पगुच्छाचे पैसे महिला मंडळाने त्यासाठी काढावेत, आणि डबा पाठवताना झाकणावर तारीख लिहावी.