मावसभावाचं कोटेशन

दरवर्षी एचआरकडून एक मेल येतो. विषय : 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट डिक्लरेशन'. आपण काय करतो? स्क्रोल, स्क्रोल, स्क्रोल, शेवटी 'नाही'वर टिक आणि सबमिट. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते! मराठीत याला 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणतात. एवढा भारदस्त शब्द ऐकला की वाटतं, हे सगळं डायरेक्टर लोकांचं, आपण बापडे क्युबिकलवाले.

चूक. हा संघर्ष बोर्डरूममध्ये नाही, लग्नाच्या पंगतीत सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनचं कंत्राट नव्यानं द्यायचं होतं. निवड करणाऱ्या तिघांत मी एक. आणि एका लग्नात जिलबी वाढता वाढता माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, तुमच्याकडे कॅन्टीनचं निघालंय म्हणे? मी पण कोटेशन टाकतोय." त्याचा केटरिंगचा धंदा. शेजारून मावशी, "तुझ्या एका शब्दाचं काम आहे गं!"

गंमत म्हणजे पोरगा कामाला चोख. त्याची मिसळ खाऊन माणसं पत्ता विचारतात. म्हणजे मी त्याला मत दिलं असतं तर कंपनीचं वाटोळं वगैरे काही झालं नसतं. पण खरी मेख इथेच आहे. मी त्याला निवडलं ते मिसळीमुळे की मावशीमुळे, हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नसतं. आणि उलटंही होतंच की! 'लोक काय म्हणतील' या धास्तीनं चांगल्या माणसाला मुद्दाम कमी मार्क देणारेही मी पाहिलेत.

सोमवारी सकाळी बॉसला चार ओळींचा मेल टाकला. अमुक अर्जदार माझा मावसभाऊ आहे, त्याच्या धंद्यात माझे पैसे नाहीत, या निवडीतून मला बाजूला ठेवा. दहा मिनिटांत उत्तर : 'नोटेड, थँक्स.' माझ्या जागी अकाउंट्समधला एक जण आला. संपलं. बॉसनं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही की चौकशी बसली नाही. मावसभावाचं कोटेशन सगळ्यांसोबत उघडलं गेलं आणि कंत्राट दुसऱ्याला मिळालं. त्या वर्षी मावशीनं गौरीच्या जेवणाचं बोलावणं केलं, पण ते आईच्या मोबाइलवर. मला फोन नाही. याचा काही कॉलम एचआरच्या फॉर्ममध्ये नसतो.

नातं असणं हा गुन्हा नाही, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. आयसीआयसीआय बँकेचंच पाहा. 2012 मध्ये बँकेनं व्हिडिओकॉन समूहाला 3,250 कोटींचं कर्ज दिलं. तेव्हा बँकेच्या प्रमुख चंदा कोचर, आणि त्यांच्या पतीचे व्हिडिओकॉनच्या प्रवर्तकांशी व्यावसायिक संबंध. प्रकरण गाजल्यावर ऑक्टोबर 2018 मध्ये त्या पायउतार झाल्या. जानेवारी 2019 मध्ये न्या. श्रीकृष्ण यांच्या चौकशीचा अहवाल आला, आणि त्याच्या आधारे बँकेनं त्यांचं जाणं ही बडतर्फी ठरवून 2009 पासूनचे बोनस परत मागितले. लाच वगैरे आरोपांचा सामना कोर्टांत वेगळाच रंगला. पण बँकेनं बोट ठेवलं ते मुख्यतः संबंध नीट जाहीर न करण्यावर आणि निर्णयातून बाजूला न होण्यावर. म्हणजे तोच तो चार ओळींचा मेल!

आता तुमच्या-आमच्या लेव्हलचं दुखणं : संध्याकाळची साइड इन्कम. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोच्या रिशद प्रेमजींनी सांगितलं की स्पर्धक कंपन्यांचंही काम करणाऱ्या 300 जणांना घरी पाठवलं. पुढच्याच महिन्यात इन्फोसिसनं मात्र, आधी परवानगी घेतली आणि काम स्पर्धकाचं नसलं तर चालेल, असा मार्ग काढला. शनिवारी गिटार शिकवता? खुशाल शिकवा, फक्त एकदा विचारून ठेवा. क्लायंटच्याच वेबसाइटचं काम रात्री परस्पर करताय? मग दोन दगडांवर पाय आहेत, आणि पाणी खोल आहे.

शेअर्सचंही तसंच. लिस्टेड कंपनीत आकडे आधी कळणाऱ्या जागी असाल, तर तिमाही संपल्यापासून निकालानंतरचे 48 तास उलटेपर्यंत त्या शेअरला हात लावायचा नाही, हा सेबीचा नियम. "मी नाही, बायकोनं घेतले" ही पळवाटही बंद आहे. आणि ज्याचं अप्रेझल तुम्ही लिहिता त्याच्याबरोबर तुमचं जमलं असेल, तर अभिनंदन! पण अप्रेझल दुसऱ्याला लिहू द्या.

राहिली दिवाळी. व्हेंडरकडून डबे येतातच. किती रुपयांपर्यंतचं चालतं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, तेव्हा स्वतःची पॉलिसी एकदा उघडून बघा, फाइल सापडतेच. आमच्या मजल्यावर रीत अशी : डबा कुणाच्याही नावानं येवो, तो पँट्रीत सगळ्यांसमोर उघडायचा. चांदीचं नाणं निघालं तर ते आभाराच्या पत्रासकट परत जातं. काजूकतली मात्र परत जात नाही, आणि तीनच्या मीटिंगनंतर उरतही नाही.