गुणांची बेरीज म्हणजे निदान नव्हे

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. झोपताना मुलगी गुप्तांगाला हात लावते, एवढ्यावरून कोणीतरी तिच्याकडून एक इंग्रजी प्रश्नावली भरून घेतली होती. गुण अधिक आले, आणि ‘मुलीवर अत्याचार झाला असावा’ असे तिला सांगण्यात आले. त्या माउलीची झोप उडाली होती. घरातील प्रत्येक पुरुषाकडे ती संशयाने पाहू लागली होती. सविस्तर विचारपूस व तपासणी केली, पुढेही दोन-तीनदा भेटलो. मुलगी पेंगुळली की असे करी आणि हाती बाहुली दिली की विसरून जाई. शंका घ्यावी असे काही आढळले नाही.

यात दोष प्रश्नावलीचा नसून तिच्या वापराचा आहे. या क्षेत्रातील सर्वपरिचित साधन म्हणजे विल्यम फ्रीडरिक यांची ‘चाइल्ड सेक्शुअल बिहेविअर इन्व्हेंटरी’. २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तीत ३८ विधाने आहेत. गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक वर्तन किती वेळा दिसले, त्यास आई अथवा सांभाळ करणारी स्त्री ० ते ३ गुण देते. अत्याचाराचा इतिहास नसलेल्या १,११४ मुलांचा फ्रीडरिक यांचा अभ्यास १९९८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. अशी अनेक वर्तने दोन ते पाच या वयात सर्रास दिसतात व पुढे कमी होतात, असे त्यात आढळले. घरातील ताणतणाव व हिंसा यांच्याशीही गुणांचा संबंध दिसून आला.

म्हणजे वाढलेले गुण अत्याचार सिद्ध करीत नाहीत. उलट, अत्याचार झालेली कित्येक मुले असे कोणतेही वर्तन दाखवीत नाहीत. म्हणून कमी गुणांवर निश्चिंत राहणेही तितकेच धोक्याचे.

शिवाय हे मापदंड अमेरिकेतील मुलांवरून ठरलेले आहेत. आपल्याकडे लहान मुले आईवडिलांजवळ झोपतात, आजीसमोर उघडी न्हातात. आपल्या इंदुरात घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी आई ‘कधीकधी’ आणि ‘वारंवार’ यांतील सीमा कोठे आखील? संकोची आई कमी सांगेल, धास्तावलेली अधिक. नुसत्या भाषांतराने हा प्रश्न सुटत नाही; आपल्या मुलांवर ते साधन पारखून घ्यावे लागेल.

तोवर बेरजेपेक्षा काही साधे प्रश्न मोलाचे वाटतात. वर्तनात जबरदस्ती, भीती वा इजा आहे काय? सोबतच्या मुलाच्या वयात मोठे अंतर आहे काय? मूल प्रौढांच्या क्रियेचे अनुकरण करते काय? प्रेमाने समजावूनही ते थांबत नाही काय? उत्तर ‘होय’ आले, तर बालमानसतज्ज्ञाची मदत त्वरित घ्यावी. आणि मुलाच्या बोलण्यातून किंवा तपासणीतून अत्याचाराची रास्त आशंका उद्भवली, तर गुणांची वाट पाहू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; तपास हे आपले काम नव्हे.

आपल्या संस्थेतील बालरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांनी एकत्र येऊन मराठी व हिंदी प्रश्नावलीची पारख हाती घ्यावी, अशी माझी विनंती आहे. वजनकाटा चुकला तर पुन्हा वजन करता येते. चार वर्षांच्या मुलीवर बसलेला शिक्का इतक्या सहज पुसला जात नाही.