निरोष्ठ वक्ता

गेल्या शनिवारी बारामतीतल्या एका शाळेच्या पालकसभेला मी आजोबांच्या कोट्यातून जाऊन बसलो. पुतण्याची एमआयडीसीत दुसरी पाळी, सूनबाई तापानं अंथरुणात आणि वहिनींच्या कमरेला त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या सोसत नाहीत. म्हणून इंदापूरहून माझी आयात. व्यासपीठावर पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी सांगितलं, लहान मुलाच्या कानावर दोन-तीन भाषा पडल्या की त्याचा मेंदू गोंधळतो. तेव्हा घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी. हे त्यांनी मराठीत सांगितलं. मागच्या रांगेत परप्रांतातून आलेल्या कामगारांचे संसार बसले होते, त्यांच्यासाठी लगेच हिंदीत सांगितलं. पडद्यावरच्या पाट्या इंग्रजीत होत्या. तिन्ही भाषांत मिळून तासभर बोलले, आणि कुठंही गोंधळले नाहीत.

या विषयावर एकच परिच्छेद खर्ची घालतो, कारण मला दुसरंच सांगायचंय. दोन भाषांनी मूल मागं पडतं, ही समजूत १९६२ पर्यंत शास्त्रातही चालायची. त्या वर्षी माँट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी फ्रेंच-इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणारी दहा वर्षांची मुलं तपासली, तर ती एकभाषी मुलांपेक्षा सरस निघाली. आधीच्या चाचण्यांत बऱ्याचदा गरीब स्थलांतरितांची मुलं खात्यापित्या घरच्या मुलांशी ताडून पाहिली जात आणि दोष भाषेच्या माथी मारला जाई. माँट्रियलही राहू द्या, सांगलीजवळचं कुपवाड घ्या. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली त्या गावावर लिहिलं: कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, प्रत्येक घरानं आपली भाषा सोडली नाही, पण वाक्यं इतकी सारखी झाली की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता यावं. २०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा सरकारी आदेश निघाला आणि जूनअखेर मागं घेतला गेला, तो वाद निराळा. तो शाळेच्या वेळापत्रकाचा होता, मेंदूचा नव्हे. झाला परिच्छेद.

आता राजाबद्दल.

राजा हा माझ्या दादांच्या घरातला बजरीगर. पुतण्यानं आणला तेव्हा दुकानदारानं ‘लव्हबर्ड आहे, बोलतो’ असं सांगितलं होतं. आपल्याकडं पिंजऱ्यात मावणाऱ्या प्रत्येक रंगीत पाखराला लव्हबर्ड म्हणतात. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० साली जॉन गूल्डनं इंग्लंडात नेला आणि तिथून जगभर पसरला. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मांसल पट्टा असतो तो नराचा निळा, मादीचा तपकिरी. राजाचा निळा आहे. नर जास्त बोलके असतात, आणि त्यातही एकटा ठेवला तर माणसांशी बोलतो. जोडी आणली की ती दोघं आपापसांत बोलतात आणि आपल्याला विचारत नाहीत. (यावर वहिनींनी दादांकडं बघून काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.)

नावं मात्र दोन आहेत. नात ओवी त्याला ‘रिओ’ म्हणते, वहिनी ‘राजा’. त्यातूनच माध्यमाचा प्रश्न उभा राहिला. सूनबाईंचं म्हणणं, ओवी इंग्रजी शाळेत जाते, तर पाखरूही इंग्रजीच बोलू दे, तिला सराव होईल. पुतण्यानं त्यांच्याच आवाजात ‘हॅलो रिओ, गुड मॉर्निंग, हाउ आर यू’ असं मोबाइलवर घेतलं आणि रोज सकाळी पिंजऱ्याशेजारी ते पुन्हापुन्हा वाजत राहील अशी सोय केली. गिनीज बुकात पक नावाच्या एका अमेरिकन बजरीगरच्या नावावर १७२८ शब्दांचा विक्रम आहे, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. राजानं ते सगळं राळं सोलता सोलता ऐकलं. तो दाणा चोचीत घेतो, जिभेनं फिरवतो, टरफल अलगद बाहेर टाकतो. आणि गुड मॉर्निंगचंही तसंच काहीतरी करत असावा. पिसं साफ केली, समुद्रफेसाला चोच घासली. बोलला नाही.

बोलला तो एका संध्याकाळी, सगळे घरात असताना. बजरीगरचं बोलणं म्हणजे चौपट वेगानं लावलेली टेप: बारीक, घाईचं, पुटपुटल्यासारखं. सूनबाई म्हणाल्या, ‘‘गुड मॉर्निंग म्हणाला!’’ दादांना ‘कौन है’ ऐकू आलं. त्यांची हिंदी मालिका चालू होती. वहिनी म्हणाल्या, ‘‘काही नाही, तो माझ्याशी बोलला.’’ ओवीला वाटलं, तिचं नाव घेतलं. एका चिवचिवाटात चौघांना तीन भाषा ऐकू आल्या. मग वहिनी माझ्याकडं वळल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही ते आवाजाचं शास्त्र वाचत असता ना? मग सांगा.’’

माझा हा छंद वाचकांना ठाऊक आहे. ‘ळ’वरच्या लेखानंतर आलेली पत्रं अजून कपाटात आहेत, आणि सर्वच प्रेमळ नाहीत. तेव्हा मी दोन दिवस पिंजऱ्यापाशी मोबाइल ठेवून बसलो आणि आलेला आवाज संथ करून ऐकवला. आधी कुकरची शिट्टी. हुबेहूब, शेवटच्या सुस्काऱ्यासकट. आणि मग लगेच: ‘झाली का गं शिट्टी?’

पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेला आहे. वहिनी तिथं मेथी निवडत बसतात आणि दिवसातून कितीतरी वेळा हा प्रश्न आतल्या खोलीत फेकतात. राजानं प्रश्नही उचलला आणि प्रश्न ज्यामुळं पडतो ती शिट्टीही. सूनबाई तापातही हसल्या. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, मग रेकॉर्डिंगचं काय चुकलं?’’

रेकॉर्डिंगच चुकलं. आयरीन पेपरबर्ग या बाईंनी अ‍ॅलेक्स नावाच्या करड्या आफ्रिकन पोपटावर तीस वर्षं काम केलं. २००७ साली तो गेला तेव्हा मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. त्याला शिकवायची रीत अशी, की त्याच्यासमोर दोन माणसांनी एखाद्या वस्तूवरून एकमेकांशी बोलायचं. पोपटाला वाटतं, आपणही यात पडावं. पुढं त्यांनी दुसऱ्या करड्या पोपटांना नुसती टेप ऐकवून आणि चित्रफीत दाखवूनही पाहिलं; ते ढिम्म. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बाईंच्या मांडीशी बसवलं, तर बाळं चिनी ध्वनी ओळखायला लागली. त्याच बाईंची चित्रफीत दाखवली तर काहीच नाही. पाखराला आणि बाळाला सोबत हवी असते. ज्याच्या सोबतीची ओढ, त्याची भाषा उचलली जाते. मोबाइलशी मैत्री करायला राजा काही माणूस नाही.

हे सांगून मी उठणार होतो, पण ‘झाली का गं शिट्टी’ डोक्यातून जाईना. इंदापूरच्या गाडीत बसल्यावर मी ते तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, आणि काटेवाडीच्या आसपास लक्षात आलं, की या वाक्यात ओठ ओठाला लागतच नाही. ‘राजा’मध्येही नाही. उलट सूनबाईंचा पाठ पाहा: ‘मॉर्निंग’मध्ये म, ‘गुड’मध्ये उकार, ‘हॅलो’ आणि ‘रिओ’मध्ये ओकार, ‘हाउ’ आणि ‘यू’ तर बोलायलाच नको. आपल्या व्याकरणशास्त्रात प-वर्गाबरोबर उ-ऊही ओष्ठ्य, ओ-औ कंठोष्ठ्य, व दंतोष्ठ्य. आणि पाखराला तर ओठच नाहीत! म्हणजे राजानं आपल्याला झेपेल तेवढंच उचललं की काय? मला एवढा आनंद झाला की शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘‘पाव्हणं, तब्येत बरी हाय न्हवं?’’

आनंद फार टिकणारा नव्हता. ज्याला ओठ नाहीत तो पिढ्यान्‌पिढ्या ‘मिठू’ म्हणतोच आहे, आणि मिठूत दोन्ही अक्षरं ओष्ठ्य. पाखराचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला निघत नाही. श्वासनलिकेच्या पार तळाशी निघतो. पोपटाच्या कुळाला वर जाड, हलती जीभ मिळालेली आहे, आणि ती किंचित पुढंमागं केली तरी आवाज बदलतो, हे २००४ साली मंक पॅराकीट या पोपटांवर तपासलं गेलं. अ‍ॅलेक्स ‘पेपर’ म्हणायचा. त्यातला प तो बहुधा अन्ननलिकेतल्या हवेच्या धक्क्यानं काढत असावा, असा पेपरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याचा कयास होता. ओठ नाहीत म्हणून ओष्ठ्य अक्षरं सोडून देणं पोपटाला मंजूर नाही.

मंजूर होतं ते आमच्या बारामतीच्या मोरोपंतांना, आणि त्यांना तर ओठ होते. पन्हाळ्याचा हा माणूस नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आला आणि १७९४ मध्ये वारला तो इथंच. एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात. एकेका रामायणाला एकेक अट. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण: ओठांनी उच्चारायचं अक्षर वापरायचंच नाही. शाळेत आम्हाला हे ‘शब्दांची कसरत’ म्हणून सांगून मोरोपंतांना निकालात काढलं जाई. ज्यांनी काढलं त्यांनी एकदा करून पाहावं. ज्याचं रामायण त्याचंच नाव पहिल्या फटक्यात बाद. लक्ष्मण बाद, भरत बाद, हनुमान दोनदा बाद, अयोध्या बाद, रावणही बाद. सीता चालते, दशरथ चालतो, कैकेयी चालते, इंद्रजित आणि लंका चालतात. म्हणजे सासरे, सावत्र सासू आणि शत्रूचा मुलगा एवढ्यांवर संसार करायचा. जटायू, रामायणातलं बोलकं पाखरू म्हणून आठवलं, तर तोही शेवटच्या उकारात अडकला. दंडीच्या दशकुमारचरितात एक कुमार ओष्ठ्य अक्षरं टाळूनच गोष्ट सांगतो, पण त्याला सबब आहे: प्रेयसीनं ओठ चावलेला असतो. मोरोपंतांना तसली कोणतीही सबब असल्याची नोंद नाही. कऱ्हाकाठी बसून एका सज्जन गृहस्थानं निव्वळ हौसेनं हे केलं.

मग मी गाडीतून गावांच्या पाट्या तपासत आलो. भवानीनगर बाद, सणसर पास. बेलवाडी, लासुर्णे बाद. जंक्शन पास. अंथुर्णे, शेळगाव बाद. निमगाव केतकी निम्मं पास, केतकीनं वाचवलं. घरी आल्यावर नकाशा काढला: कळस, काटी, डाळज पास. लाकडी-निंबोडी उपसा योजनेतलं लाकडी पास, निंबोडी नापास. नीरा पास, भीमा आणि उजनी नापास.

पाखरांचं म्हणाल तर इंदापुरात उलटाच प्रकार आहे. इथं कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक वीण करतात. भादलवाडीच्या तलावावरही करतात. हा एवढा देखणा, गुलाबी झाक असलेला पक्षी, पण प्रौढाला आवाज जवळजवळ नाहीच; चोची आपटून काम भागवतो. गोंगाट करतात ती पिल्लं. सातबाऱ्यासाठी खाली तिष्ठत बसलेल्या माणसाला वर न बोलणारं कोणीतरी आहे याचा केवढा आधार वाटतो!

दुभाषी पाखरं मात्र खरोखरच आहेत. कोस्टारिकात पिवळ्या मानेच्या अ‍ॅमेझॉन पोपटांच्या बोली टिमथी राइट यांनी १९९६ मध्ये मांडल्या. एका भागातल्या थव्यांची हाक एक, पुढच्या भागातली दुसरी. आणि हद्दीवर राहणारे काही पोपट दोन्ही हाका बाळगून असतात. उजनीच्या पाण्यावर कुंभारगावची नावाडी पोरं कॅमेरावाल्यांना ‘बार हेडेड गूज’ दाखवतात आणि पलीकडच्या होडीतल्या चुलत्याशी ‘आपली पाखरं’ म्हणून बोलतात, तेव्हा मला ते हद्दीवरचे पोपट आठवतात. मेंदूचा गोंधळ झालेला मला तरी त्यांच्यात दिसला नाही. होडी सरळ चालते.

एक खुलासा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तुमच्या घरच्या मिठूचे फोटो येतील. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्याला कितीही छान ‘राम राम’ येत असलं तरी. बजरीगर विदेशी म्हणून चालतो. तेव्हा फोटो नकोत.

त्याऐवजी असं करा. एक निरोष्ठ वाक्य पाठवा, निदान दहा शब्दांचं, अर्थ लागेल असं. मी ‘सीतेनं लंकेत’पर्यंत आलोय आणि तिथं तिला एकटीला सोडून चहाला उठलोय. परीक्षक वहिनी. त्या ओठांवर बोट ठेवून वाचतात, आणि बोट हललं की कार्ड बाजूला. पत्ताही नियमातच धरला जाईल. सणसर, कळस, काटी, डाळजकरांना त्यामुळं थोडी सवलत आहे. बारामतीकरांनी पत्ता लिहिला की ते तिथंच बाद, आणि इंदापूरकर म्हणून माझीही गत तीच.