जुनी ओम्नी ठेवावी का?



सांगली-साताऱ्याकडे अजून कितीतरी घरांत मारुतीची ओम्नी आहे. १९८४ साली ही व्हॅन आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. इंजिन ७९६ सीसीचं, साधं. पुढची सीट उचलली की समोरच. दुरुस्ती स्वस्त, त्यामुळे गाडी टिकते. असलेली वस्तू पुरेपूर वापरावी, हा अपरिग्रहाचा विचार मलाही पटतो.

पण देखभाल टाळणं म्हणजे काटकसर नव्हे. पावसाळा संपला की तळाचा पत्रा गंजलाय का बघा, ब्रेक तपासून घ्या. गॅस किट असेल तर टाकीची चाचणी मुदतीत करा. पंधरा वर्षांनी आरटीओत फिटनेस तपासून नोंदणी पाच वर्षं वाढते. तेवढ्याने जुनी गाडी नव्यासारखी सुरक्षित होत नाही. ओम्नीला पुढे बॉनेट जवळजवळ नाहीच. समोरून धडक बसली तर मार थेट पायांवर येतो.

म्हणून माझं मत सांगते. बाजार, मंदिर, शेत यासाठी ती खुशाल ठेवा. कुंभोज-बाहुबलीला लेकराबाळांसह हायवेने जायचं असेल, तर मात्र दुसरी गाडी भाड्याने करा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. जीवदया घरच्या माणसांनाही लागू आहे.