गुंगी कोण देणार, हे विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नका

दुर्बिणीची तपासणी, केसरोपण, लहानग्याच्या दातांचं काम. "थोडी गुंगी देऊ, कळणारही नाही," असं सांगतात आणि आपण मान डोलावतो. एक भूलतज्ज्ञ म्हणून हात जोडून विनवते, आधी विचारा: गुंगी कोण देणार? आणि काम चालू असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार?

गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यात भिंत नसते. ज्या डोसने एकाला डुलकी लागते, त्याच डोसने दुसऱ्याचा श्वास थांबतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, वजन जास्त असलेले, रात्री मोठ्याने घोरणारे यांना धोका अधिक. जीभ मागे पडते. छाती हलताना दिसते, पण हवा आत जात नसते. त्यात नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की बोटावरचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र काही वेळ ९८ टक्केच दाखवत राहतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र अडथळा काही सेकंदांत दाखवतो. तो लावणार का, हेही विचारा.

गुंगीच्या औषधांपैकी मिडाझोलमवर उतारा आहे, प्रोपोफॉलवर नाही. तिथे हनुवटी उचलून, मास्क लावून श्वास देणारे सरावाचे हातच लागतात, तेही लगेच, कारण प्राणवायूविना चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. दुर्बिणीत डोळे घातलेल्या डॉक्टरांकडून ही अपेक्षा कशी करायची? २००९ मध्ये मायकेल जॅक्सन प्रोपोफॉलने गेला. घरी ते देणारा डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ होता. २०११ मध्ये तो मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. मोठी पदवी असली म्हणजे भूल देता येते, असं नाही.

भूलतज्ज्ञ सगळीकडे मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. निदान गुंगी हलकी हवी, आणि श्वासमार्ग सांभाळण्याचं प्रशिक्षण घेतलेली, दुसरं कुठलंही काम नसलेली एक व्यक्ती रुग्णाच्या उशाशी हवी. संमतीपत्रावर गुंगी देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी असेल, तर सही करू नका. तुम्हीही काही लपवू नका: घोरणं, दमा, चालू गोळ्या, सकाळी घेतलेला चहा, सगळं सांगा.

जिवावर बेतलं असेल तेव्हा अर्थातच थांबू नका. पण ठरवून करायची तपासणी आठवडाभर पुढे गेली तर सहसा बिघडत नाही. सरळ उत्तर मिळालं नाही, तर तारीख बदलून घ्या.