काका, लॅपटॉप कुठला घेऊ? : इंटेलच्या उताराची गोष्ट

मंडळाच्या गणेशोत्सवात आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की दोन-चार कॉलेजची मुलं माझ्याभोवती जमतात आणि ठरलेला प्रश्न येतो, "काका, लॅपटॉप कुठला घेऊ?" पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे काम सोपं होतं. बजेट विचारायचं आणि "इंटेलचा प्रोसेसर बघून घे" असं सांगून मोकळं व्हायचं. यंदा मात्र एकाने उलट मलाच विचारलं, "इंटेलचा चालेल ना? की ती कंपनी बुडतेय?"

त्याच्या शेजारी त्याची बहीण उभी होती. कलाभवनात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न वेगळा होता. "काका, इंटेलसारखी कंपनी एका झटक्यात पंधरा हजार लोकांना काढायचं म्हणते. मग मी चिपच्या क्षेत्रात जावं का? घरचे म्हणतात, सॉफ्टवेअर बरं."

भावाला लॅपटॉपचं उत्तर तिथंच दिलं. बहिणीच्या प्रश्नाला वेळ हवा होता, म्हणून या वेळचं सदर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

इंटेलची स्थापना १९६८ सालची. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर या दोघांनी कॅलिफोर्नियात ती सुरू केली आणि अँडी ग्रोव्ह लगेचच त्यांना येऊन मिळाला. चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल असा अंदाज ज्याने १९६५ मध्ये मांडला, तोच हा मूर. आज आपण इंटेलला प्रोसेसरची कंपनी म्हणून ओळखतो, पण तिचा मूळ धंदा मेमरी चिपचा होता. प्रोसेसर तसा आडवाटेने आला. बिझिकॉम या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी चिप हव्या होत्या, त्या कामातून १९७१ मध्ये ४००४ हा प्रोसेसर तयार झाला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज तुमच्या खिशातल्या फोनच्या चिपमध्ये ते अब्जांनी मोजावे लागतात.

१९८० नंतर जपानी कंपन्यांनी मेमरी इतकी चांगली आणि इतकी स्वस्त विकायला सुरुवात केली की इंटेलचा श्वास कोंडला. १९८५ मध्ये ग्रोव्हने मूरला विचारलं, की आपल्याला हाकलून नवा माणूस या खुर्चीत बसवला तर तो काय करेल? मूरचं उत्तर होतं, तो मेमरीचा धंदा बंद करेल. मग तेच आपण का करू नये, असं म्हणून त्यांनी ज्या धंद्यावर कंपनी उभी राहिली तोच सोडला. हजारो लोकांची नोकरी गेली, पण कंपनी वाचली. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे इंटेलला अशा निर्णयाची गरज पुन्हा पडली, तेव्हा तो वेळेवर झाला नाही.

पुढची वीस वर्षं इंटेलची होती. आयबीएमने १९८१ च्या पीसीत इंटेलचा ८०८८ बसवला आणि जगभरचं सॉफ्टवेअर त्याच घराण्याच्या प्रोसेसरसाठी लिहिलं जाऊ लागलं. १९९१ पासून संगणकांवर 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर झळकू लागला. १९९३ मध्ये पेंटियम आला. त्या कामाची धुरा वाहणारे विनोद धाम हे जन्माने पुण्याचे. पुढच्याच वर्षी त्या पेंटियमच्या भागाकारात एक चूक सापडली. इंटेलने आधी ती किरकोळ म्हणून टाळली, मग लोकांचा रोष वाढल्यावर चिप बदलून दिल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसला. धाम १९९५ मध्ये नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्या रचनेतून एएमडीचा के-६ तयार झाला. चिपच्या धंद्यात ज्ञान असं माणसांबरोबर घर बदलतं.

एएमडी इंटेलहून वर्षाने लहान, १९६९ ची. आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून इंटेलच्या प्रोसेसरची दुसरी उत्पादक म्हणून ती या खेळात टिकली. या दोघींचं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. संगणक बनवणाऱ्यांना सवलतींच्या जोरावर बांधून ठेवल्याच्या वादात इंटेलने २००९ मध्ये एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

आता उताराकडे येऊ. पहिली पायरी फोनची. ॲपलने २००६ मध्ये आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि त्याच सुमारास आयफोनच्या चिपसाठीही विचारणा केली. ॲपल देत असलेली किंमत इंटेलच्या अंदाजी खर्चापेक्षा कमी होती. तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी नकार दिला. निवृत्त होताना, २०१३ मध्ये, त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं, की खर्चाचा तो अंदाज चुकीचा होता आणि फोनचा खप कुणाच्याही कल्पनेपेक्षा शंभरपट निघाला. गंमत म्हणजे फोनला साजेशा, कमी वीज खाणाऱ्या चिप इंटेलकडे होत्या. तो एक्सस्केल विभाग कंपनीने २००६ मध्ये मार्व्हेल कंपनीला ६० कोटी डॉलरला विकून टाकला. मुलांनो, यात मूर्खपणा शोधू नका. एका प्रोसेसरवर भरपूर नफा मिळत असताना थोडक्या नफ्याची चिप कोण करणार? हिशेब वहीत बरोबर होता, फक्त वही जुन्या धंद्याची होती.

दुसरी पायरी कारखान्याची, आणि ही जास्त महत्त्वाची. पिठाची गिरणी, म्हणजे आपल्या बडोद्याच्या बोलीत घंटी, डोळ्यांसमोर आणा. इंटेलचा कारभार असा होता की शेत आपलं, गहू आपला आणि गिरणीही आपलीच. चिपचा आराखडा तीच करणार आणि चिप बनवणारही तीच. तैवानमध्ये मॉरिस चँग यांनी वयाच्या ५५ व्या वर्षी, १९८७ मध्ये, टीएसएमसी काढली ती फक्त गिरणी म्हणून. स्वतःचा एक दाणाही नाही, पण गावातल्या सगळ्यांचं दळण घेणार. चिपचा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात, त्यामुळे नव्या कंपन्यांना ही सोय वरदान ठरली. एनव्हिडिया, क्वालकॉम, पुढे ॲपल, सगळ्यांचं दळण तिथं जाऊ लागलं. एएमडीनेही २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले आणि नंतर मुख्य प्रोसेसर टीएसएमसीकडे दिले. फोन कोट्यवधींनी विकले जात होते, आणि जितकं दळण जास्त तितका गिरणीवाल्याचा हात बसत गेला. फोनचं काम नाकारताना इंटेलने हा सरावही दुसऱ्याच्या हाती दिला.

इंटेलचं स्वतःचं दळण याच काळात अडलं. १४ नॅनोमीटरची पद्धत २०१४ मध्ये उशिरा आली. १० नॅनोमीटरची २०१६ च्या सुमारास यायची होती, ती मोठ्या प्रमाणात यायला २०१९ उजाडलं. ही 'नॅनोमीटर'ची नावं आता मापापेक्षा पिढीची खूण म्हणून वापरली जातात, पण अर्थ एवढाच की तितक्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर. इंटेलने एका उडीत फार जास्त दाटी करायचं ठरवलं. चिपवरची नक्षी प्रकाशाने उमटवतात. तेव्हाच्या यंत्रांतल्या प्रकाशाची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर होती, त्यामुळे तोच थर अनेकदा उमटवावा लागे आणि प्रत्येक फेरीत चुका वाढत. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीची नवी यंत्रं नेदरलँडची एएसएमएल बनवत होती. त्या कंपनीत इंटेलने २०१२ मध्येच मोठी गुंतवणूक केलेली होती! तरीही ती यंत्रं अजून तयार नाहीत, असं मानून तिने जुन्यावरच भिस्त ठेवली. टीएसएमसीने २०१९ मध्ये ती उत्पादनात आणली. इंटेलचा तसा पहिला प्रोसेसर बाजारात यायला २०२३ चा डिसेंबर लागला.

या खोळंब्यात बाकीचे पुढे निघून गेले. बुडण्याच्या काठावर असलेल्या एएमडीची सूत्रं लिसा सू यांनी २०१४ मध्ये घेतली आणि २०१७ मध्ये रायझन आणला. त्याआधी जवळजवळ दहा वर्षं इंटेलचे नेहमीच्या डेस्कटॉपचे प्रोसेसर चार कोअरवर थांबले होते. रायझनने आठ कोअर दिले, आणि त्याच वर्षी इंटेललाही सहा कोअर सुचले. स्पर्धा ग्राहकाला काय देते, ते यात दिसतं. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःच्या एम-१ चिपचे संगणक आणले आणि इंटेलचा हात सोडायला सुरुवात केली.

तिसरी पायरी तुम्हाला माहीत आहे. खेळांसाठी ग्राफिक्सच्या चिप करणाऱ्या एनव्हिडियाने २००६ पासून त्याच चिपवर इतर गणितं करता यावीत म्हणून सॉफ्टवेअर तयार केलं. बरीच वर्षं त्यातून फारसं काही हाती लागत नव्हतं, तरी जेन्सन हुआंग पैसा ओतत राहिले. २०२२ अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि साऱ्या जगाला नेमक्या त्याच चिप हव्या झाल्या. इंटेलकडे त्या तोडीचं काही नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातून इंटेल बाहेर पडली आणि तिची जागा एनव्हिडियाने घेतली.

आकडे सांगतो. २०२१ मध्ये इंटेलची विक्री ७९ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये ती ५३ अब्जांवर आली आणि त्या वर्षी तोटा झाला १८.८ अब्ज डॉलर. ऑगस्ट २०२४ मध्ये पंधरा हजारांवर लोकांना कमी करण्याची घोषणा झाली. कारखाने पुन्हा उभे करायला निघालेले पॅट गेल्सिंगर यांना डिसेंबरात पायउतार व्हावं लागलं आणि मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीतला सुमारे १० टक्के वाटा घेतला, कारण सगळ्यात पुढारलेल्या चिपसाठी तैवानवर विसंबून राहणं त्यांना धोक्याचं वाटतं. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. काल जिला कुणी विचारत नव्हतं, तिच्याकडून मदत घ्यायची वेळ आली.

म्हणजे इंटेल बुडाली का? नाही. लॅपटॉपच्या दुकानात जा, अजूनही निम्म्याहून जास्त फळी तिचीच दिसेल. पण एकेकाळी तिने बाजाराला वळण लावलं, आता बाजाराच्या मागे ती धावते.

आता त्या मुलीचं उत्तर. बाळ, तुझे घरचे नोकरीची शाश्वती शोधताहेत आणि त्यात त्यांची चूक नाही. बडोद्यातल्या आपल्या कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्या सरकारवाड्याच्या चाकरीवर सुखाने जगल्या, आणि संस्थान विलीन झालं तेव्हा 'आता काय' म्हणून बसून राहिलेली घरंही आपण ऐकून आहोत. ज्यांच्या हातात विद्या होती, ती घरं सावरली. इंटेलमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांचंही तसंच आहे. कंपनी उताराला लागली तरी चिपची गरज वाढतेच आहे, आणि ज्याला चिप कळते त्याला दुसरं दार उघडतं.

तुझ्या दारापासून साणंद फार लांब नाही. तिथं मायक्रॉन आली आहे, चिपची जुळणी आणि तपासणी करायला. ही मायक्रॉन मेमरीची कंपनी. म्हणजे १९८५ मध्ये इंटेलने जो धंदा सोडला, त्याच धंद्यात ही चिवटपणे टिकून राहिली. इंटेलला हरवणाऱ्या जपानी मेमरी कंपन्यांचा वारसा सांगणारी एल्पिडा अखेर २०१३ मध्ये तिनेच विकत घेतली. धोलेऱ्यात टाटांच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली, तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या साथीने. हे सगळं यशस्वी होईलच असं वचन मी देणार नाही. पण सोडणारा शहाणा ठरला आणि टिकणाराही शहाणा ठरला, हे मात्र खरं. दोघांनी आपलं काम नीट ओळखलं होतं.

तेव्हा क्षेत्राला घाबरू नकोस. कुठलीही कंपनी जन्माची सोबतीण समजू नकोस, आणि चांगला पगार मिळत असतानाच दर दोन-तीन वर्षांनी स्वतःला तो ग्रोव्हचा प्रश्न विचार : आज माझ्या जागी नवा माणूस आला, तर तो काय शिकायला घेईल? आणि एकदा घरच्यांनाही माझ्याकडे घेऊन ये. चहा पिता पिता बोलू.

भावाला सांग, बजेटमध्ये बसेल तो घे, इंटेल असो वा एएमडी. फक्त रॅम सोळा जीबीच्या खाली नको.