हेडचे पोर्टिंग : गावातच करावे की जाणकाराकडे द्यावे?

नेसरीसारख्या गावात गॅरेज चालवणाऱ्या आपल्या मिस्त्री बांधवांकडे हल्ली तरुण गिऱ्हाईक एक वेगळीच मागणी घेऊन येते. ‘हेड उतरवा, पोर्टिंग-पॉलिशिंग करा, गाडी पळाली पाहिजे.’ काही जण तर मोबाईलवर पाहून घरीच ड्रिल मशीन लावून बसतात. काम दिसायला सोपे आहे. दोन वाटा थोड्या रुंद करायच्या, चकचकीत करायच्या, हेड पुन्हा बसवायचे. आमचे म्हणणे असे की यातले निम्मे काम सावध मिस्त्रीने खुशाल गावातच करावे. उरलेले निम्मे, ज्याच्याकडे मोजण्याचे साधन नाही त्याने पैसे घेऊन करू नये.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये हवा-पेट्रोल आत येण्याची एक वाट असते आणि धूर बाहेर जाण्याची दुसरी. हेड ओतीव असल्यामुळे या वाटांमध्ये ओतकामाच्या कडा राहतात, जोडावर पायरी राहते. ती काढली की अडथळा कमी होतो. इथपर्यंत सर्व ठीक. पण वाट जितकी मोठी तितकी ताकद जास्त, हा समज खोटा आहे. वाट प्रमाणाबाहेर रुंद केली की हवेचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ जाते. सपाट रस्त्यावर गाडी पळते, आणि आंबोलीचा घाट दोघांना घेऊन चढायची वेळ आली की गिअर उतरवत बसावे लागते. चकाकीचेही तसेच. कार्ब्युरेटरच्या गाडीत आत येणारी वाट आरशासारखी केली तर पेट्रोल भिंतीला धरून ओघळते, हवेत नीट मिसळत नाही. तिथे थोडा खरखरीतपणा हवाच. धुराची वाट मात्र गुळगुळीत असलेली बरी, काजळी कमी धरते.

खरा फायदा वाटेच्या तोंडाशी नसतो, तर जिथे हवा वळून व्हॉल्व्हकडे जाते तिथे असतो. आणि हात घसरतो तोही तिथेच. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणाऱ्या ग्राइंडरचे टोक व्हॉल्व्हच्या सीटला एकदा लागले की तिथून कॉम्प्रेशन निसटते आणि काही दिवसांत व्हॉल्व्ह जळतो. सीट साधारणपणे ४५ अंशांची, तिच्या दोन्ही बाजूंना ३० आणि ६० अंशांचे काप. हे हाताच्या अंदाजाने होत नाही. त्याला गाईडमध्ये बसणारा कटर लागतो.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये. बहुतेक ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनात आत येणारी वाट मुद्दाम वाकडी ठेवलेली असते, हवा गोल फिरत जावी म्हणून. ती ‘सरळ’ करणारा माणूस इंजिनाला धूर सोडायला शिकवतो. आरएक्स १०० चा प्रकार आणखी निराळा. १९८५ ते १९९६ पर्यंत निघालेल्या या गाडीवर आपल्याकडच्या पोरांचा अजून जीव आहे. पण ती टू-स्ट्रोक. तिच्या हेडला ना व्हॉल्व्ह ना पोर्ट. पोर्ट असतात सिलिंडरला. ते घासले की त्यांच्या उघडण्या-मिटण्याची वेळच बदलते, आणि फार रुंद केले तर रिंग त्यात अडकून तुटते. ‘आरएक्सच्या हेडचे पोर्टिंग करून देतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये, एवढे सांगून पुढे जातो.

मग गावात काय करावे? काजळी काढावी, कडा आणि पायरी हलक्या हाताने घासावी, व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवावेत. नंतर पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून व्हॉल्व्हच्या कडेने पाझरते का पाहावे. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावावा. ॲल्युमिनियमची पूड फुप्फुसात साठवण्याची वस्तू नव्हे. आणि हेड दोन-तीनदा धुतल्याशिवाय बसवू नये. राहिलेला कण पिस्टनच्या भिंतीवर रेघ ओढतो.

सीटचे आणि पोर्टच्या आकाराचे काम मात्र कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात किंवा बेळगावला, चांगल्या मशीनवाल्याकडे न्यावे. मोठ्या दुकानातही नुसते मशीन असून भागत नाही. हवेचा प्रवाह मोजणारे बाक आहे का, काम करण्याआधी आणि नंतर काय मोजले, हे विचारावे आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावे. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडून हेड परत आणावे.

हा आग्रह एवढ्यासाठी की गिऱ्हाईक पोर्टच्या आत डोकावून पाहत नाही. हेड आपल्या हाती सोपवलेली अमानत असते. नुसते तोंड चमकवून पूर्ण पोर्टिंगची मजुरी घेणे आणि तराजूत काटा मारणे यात आम्हाला फरक दिसत नाही. ‘हे काम माझ्याकडे होत नाही, उद्यमनगरातून करून आणतो, आणण्या-नेण्याचे इतके पडतील’ असे सांगणारा मिस्त्री गिऱ्हाईक गमावत नाही, असा आमचा अनुभव आहे. सीट कटरचा संच एकट्याला परवडत नसेल तर नेसरी-गडहिंग्लज भागातल्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत घ्यावा. व्याजाचे कर्ज नको, आणि कटर रिकामाही पडून राहायचा नाही. कोणाकडे किती दिवस राहील आणि धार लावण्याचा खर्च कोणाचा, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. तोंडी भागीदाऱ्या कुठे मोडतात हे आपण जाणतोच.

गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट सांगणे मिस्त्रीचे काम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवतो. पोर्ट बदलून तो संगणक तसाच ठेवला तर मिश्रण बिघडण्याचा धोका राहतो. अशा गाडीचे हेड केवळ ‘पळाली पाहिजे’ म्हणून उतरवायला कोणी आले, तर त्याला एअर फिल्टर, चेन आणि टायरची हवा पाहून देऊन परत पाठवावे.